न सारवलेला पट्टा

कुणाच्याही घरी गेले की ते आधी पाणी मागत नसत, की टेकायला लोड मागत नसत. अंगरख्याच्या खिशातून एक गुळगुळीत सागरगोटा काढायचा, ओटीच्या मधोमध ठेवायचा, बोट अलगद उचलायचं आणि म्हणायचं, "बघू या, कुणीकडे निघतोय." सागरगोटा जरा वेळ विचार करी आणि मग कुठल्या तरी कोपऱ्याच्या दिशेने चालू लागे. त्याच्यामागे हे ओणवे. एका हातात पगडी, काखेत छत्री, आणि घरातली झाडून सगळी माणसं श्वास रोखून पाहताहेत. तुम्ही ते एकदा पाहिलं असतंत तर जन्मात विसरला नसतात. कोपरा आला की ते गुडघे धरून उठत आणि यजमानांना विचारत, "हा कोपरा बसला कधी?"

यजमान म्हणत, "बसला? कोण बसला?"

मग पाणी यायचं.

ते सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. हयात सगळी बांध, भराव आणि पूल यांच्यात गेलेली. मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा त्यांना पेन्शन लागली होती, पण सवय काही पेन्शनीत निघाली नव्हती. नाव गाव सगळं मला ठाऊक होतं. मात्र सगळं ठाणं त्यांना ओव्हरसियरच म्हणे, तेव्हा मीही तेच म्हणते. अंगाने गोल, आवाज मोठा, आणि आपलं ज्ञान झाकून ठेवावं असं त्यांना कधीच वाटलं नाही. विचारलंत तर सांगत, न विचारलंत तर जास्त सांगत.

एकदा नात्यातल्या कुणाची मुलगी पाहायला वराकडचे वडीलधारे म्हणून गेले. तिथेही सागरगोटा निघाला. तो गेला नेमका मुलीच्या पाटाकडे, आणि हे मागोमाग. ती बिचारी समजली, आपले पाय बघताहेत. उठून दोनदा चालून दाखवू लागली. हे म्हणाले, "बस बाळ, बस. तू सरळ आहेस. मी भिंत बघतोय." लग्न जमलं. भिंतही पुढे मुलीच्या बापाने पाडून नवी बांधली म्हणतात.

खाडीकाठाला घर बांधायचं कुणाच्या मनात आलं की लोक त्यांना बोलवायचे, आणि बोलावल्याचा पश्चात्ताप करायचे. कारण ते कधी हो म्हणत नसत. "जरा घाई करू या," असं कुणी म्हणालं तर ते डोळे मोठे करीत. "जमीन कुठे पळून जाते आहे?" असं आपण सगळेच बोलून जातो. त्यांच्यासमोर ते बोलायची सोय नव्हती. "पळते," ते म्हणत. "खाडीकाठची पळते. तेच तर बघायला आलोय."

कल्याणला एका सावकाराने त्यांचं न ऐकता पाण्याला लागून दिवाणखाना बांधला आणि खाली उतरायला दगडी पायऱ्या केल्या. पुढे एका पावसाळ्यात पायऱ्या गेल्या. ही हकीकत ते फार आनंदाने सांगत. "आता होडी थेट दिवाणखान्याला लागते. केवढी सोय झाली!"

पण ते चुकतही असत, आणि ते लपवीत नसत. ठाण्याच्या खाडीकाठी एक किरिस्ताव बाई राहत, मासळी विकणाऱ्या. त्यांच्या घराला यांनी "येता पावसाळा काही हे काढत नाही" असं सांगून टाकलं होतं. घर उभंच. त्या बाई दर नाताळाला एक टोपलीभर नारळ यांच्याकडे पाठवीत आणि सोबत निरोप, "सायबाला सांगा, घर उबा हाय." ते नारळ हे आम्हाला वाटत आणि म्हणत, "देव करो आणि मी दरवर्षी असाच चुको. वड्या करा."

आता आमच्या घराची गोष्ट.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी घर बांधायचं मनावर घेतलं. बाजारपेठेजवळच्या भाड्याच्या घरात आम्ही दाटीवाटीने राहत होतो. गावाच्या उगवतीला, अगदी खाडीला लागून, आमची माडांची वाडी होती. पुढे पाणी, पाण्यापलीकडे कळव्याच्या अंगाची गावं. मामंजींना ती जागा आवडे ती वाऱ्यासाठी. सासूबाईंना का आवडे हे त्या सांगत नसत, पण "घर झालं तर तिथेच, काठावर. नाहीतर मला या भाड्याच्या घरातूनच उचला," इथवर त्यांचं बोलणं गेलं होतं. आमच्या सासूबाईंनी एकदा ठरवलं की मामंजींची शिरस्तेदारी उंबऱ्याबाहेर राही.

ओव्हरसियर मामंजींचे स्नेही. ते आमच्याकडे आले, सागरगोटा फिरला, पाणी झालं, आणि बोलणं निघालं. इथे एक सांगायला हवं. त्या काळी आमच्यासारख्या घरातल्या बायका परपुरुषाशी तोंड वर करून बोलत नसत. सासूबाई माजघराच्या दाराआड उभ्या राहत आणि मामंजींना उद्देशून बोलत. ओव्हरसियरही मामंजींनाच उत्तर देत. दोघांचे आवाज असे होते की गल्लीच्या टोकाला ऐकू जावेत, पण मधे मामंजी असल्याशिवाय बोलणं पोचलं असं दोघंही धरत नसत.

"त्यांना म्हणावं, जागेत बघायचंय काय? जमीन कुठे पळून जाते आहे?"

मामंजी म्हणाले, "ही म्हणते..."

"ऐकलं. वहिनींना म्हणावं, पळते."

"त्यांना म्हणावं, माझी नाही पळायची."

मामंजींनी पानाचा डबा पुढे ओढला. त्या दोघांच्या मधे बसून पान खाणं, हेच त्यांच्या हातात होतं.

दिवाळी झाल्यावर आम्ही सगळेच वाडीत गेलो. ओव्हरसियर काठावरच्या एका माडाशी जाऊन उभे राहिले आणि माड जितका वाकला होता तितके स्वतः वाकले. "वाऱ्याने वाकतो तो शेंड्याकडे," ते तसेच तिरपे राहून म्हणाले, "हा बुंध्यापासून कलंडलाय. पाय घसरला की माणूस असा उभा राहतो." मग काठावरून खाली डोकावले. काठाखाली पूर्वी तिवरांची झाडी होती, तिची मुळं चिखल धरून ठेवीत. ती जळणाला तोडून तोडून विरळ झाली होती, आणि भरतीचं पाणी काठाच्या पायथ्याशी थेट येऊन आत पोखरत होतं.

वाडी राखायला धर्मा नावाचा आगरी होता, पूर्वी मिठागरावर काम केलेला. त्याला नवं घर हवं होतं. मालक शेजारी आले की त्याची सोबत होणार. तो म्हणाला, "काय नाय व्हत सायेब. माजा बापूस जल्मभर हतंच रायला."

"कुठे राहिला? नेमकी जागा दाखव."

धर्माने हात लांब केला. "ती होरी नांगरलेय ना, ततं."

आम्ही सगळ्यांनी खाडीत डुलणाऱ्या होडीकडे पाहिलं. धर्मानेही पाहिलं, आणि मग स्वतःच्याच बोटाकडे पाहिलं. ओव्हरसियरांना ही हकीकत आयतीच मिळाली. ती ते पुढे पुष्कळ वर्षं सांगत.

एवढ्यावर ते नाही म्हणून मोकळे व्हायचे. पण दाराआडून येणारा आवाज त्या दिवशी नारळाच्या झाडाआडून आला, "त्यांना म्हणावं, झाड वाकलं म्हणून माझं घर वाकत नाही." ओव्हरसियरांनाही मग चेव आला. "परीक्षा घेऊ," ते म्हणाले. "शेण आणि लाल माती आणवा."

मामंजींना वाटलं आता हा माणूस गेला कामातून. पण परीक्षा साधी होती. आत जिथे जमीन घट्ट वाटत होती तिथून थेट काठापर्यंत हातभर रुंदीचा एक पट्टा सारवायचा. सारवायला मी होतेच. सारवून झाल्यावर ते त्याच्याशी उकिडवे बसले. "उन्हाने भेगाळतं त्याची जाळी होते. जाळीचं काही नाही. पण खालची जमीन काठाकडे सरकली तर आडवी रेघ पडते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाळी दिसली तर मला बोलावू नका. रेघ दिसली तर मी पानावर बसलो असलो तरी उठवा." पट्ट्यावर दव पडू नये म्हणून धर्माने माडाच्या झावळ्यांचे झाप घातले. दर गुरुवारी येऊन पाहायचं ओव्हरसियरांनी ठरवलं.

मी तेव्हा पहिलटकरीण होते. थोड्याच दिवसांनी बाळंतपणाला माहेरी कल्याणला गेले. परत आले ती मुलाला घेऊन, अक्षय्यतृतीयेच्या तोंडाला, आणि येऊन पाहते तो घरात आनंदीआनंद. ओव्हरसियरांनी होकार दिला होता! खाडीकाठच्या जागेला त्यांचा हा पहिलाच होकार. इतक्या गुरुवारांत पट्ट्यावर जाळीशिवाय काही दिसलं नव्हतं. माड वाकलेला होता, काठ पोखरलेला दिसत होता, पण ते म्हणाले, "डोळ्यांना काय, संशयाची सवय असते. पट्टा सांगतो ते खरं." अक्षय्यतृतीयेला भूमिपूजन ठरलं.

पूजा झाली. मामंजींनी पहिली कुदळ मारली. मग माडांच्या सावलीत पानं मांडली. पुरुषांची पंगत बसली, सासूबाई आणि मी वाढत होतो. ओव्हरसियर खुशीत होते. पुरणपोळीवर तुपाची धार धरली की हात आडवा करायचं विसरत होते. शेजारचे भटजी सहज म्हणाले, "सारवण मात्र नामी हो. पट्टा कसा आरशासारखा ठेवलाय!"

स्तुती म्हटली की सासूबाईंना राहवत नसे. माझ्याकडे वळून, पण पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "ठेवलाय म्हणजे? दर सोमवारी बेल न्यायला येते तेव्हा नव्याने सारवते मी. भेगाळलेलं अंगण चारचौघांना दाखवायचं का?"

पुरणपोळीचा घास ओव्हरसियरांच्या तोंडाजवळ थांबला. तुम्ही बघा, काय झालं होतं. त्यांनी पट्ट्याची सगळी विद्या पुरुषांना समजावली होती. पण सारवण हे एकदा करून सोडायचं नसतं, आठवडा झाला की बाईचा हात आपोआप त्याच्याकडे वळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सासूबाईंना, त्याला हात लावू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. हे यायचे गुरुवारी. सोमवारचं सारवण तोवर वाळून जुनं दिसायला लागलेलं असे, पण रेघ उघडायला तीन दिवस पुरत नसत.

"विचारा त्यांना," ते मामंजींना म्हणाले, पण मामंजींकडे न बघता, "रेघ पडत होती का?"

"पडत होती म्हणून सांगा," सासूबाई म्हणाल्या. "मेली दर वेळी तिथेच पडायची."

"तिथेच?" ते पानावरून उठले. उष्टा हात तसाच वर धरून, पंगत मोडून, सोवळ्यानिशी. "तीच? त्याच जागी?" त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. मी शपथेवर सांगते, ते खूश झाले होते. इतके दिवस जे त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं आणि पट्टा नाही म्हणत होता, त्याचा उलगडा झाला होता.

सासूबाईंनी अंगठ्याने जागा दाखवली. कुदळ मारली होती तिथून थोडी आत. म्हणजे घर सगळं रेघेच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला येणार होतं.

"पूजा झाली आहे!" मामंजी ओरडले. "मुहूर्त साधलाय! वास्तुपुरुषाला आवाहन केलंय!"

"वास्तुपुरुषाला पोहता येत असेल तर राहील तो इथे," ओव्हरसियर म्हणाले, आणि मग कुठे त्यांना आपल्या उष्ट्या हाताची आठवण झाली.

पट्टा पुन्हा सारवला आणि या वेळी कुणी हात लावला नाही. अमावास्येचं उधाण येऊन गेलं तेव्हा रेघ आली, आडवी, सरळ. माझ्या बांगडीची कड तिच्यात उभी राहिली. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. काठ सोडून वाडीच्या मागच्या अंगाला मुरमाचं टेकाड होतं. घर तिथे बांधा, तिथे कुदळ मारली तर ठिणगी उडते, असं ओव्हरसियरांनी सांगितलं. मामंजींना वारा तिथेही मिळणार होता. ते कबूल झाले.

सासूबाई मात्र गप्प झाल्या. त्या गप्प झालेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना एकदा त्या मला म्हणाल्या, "तुझं बरं गं. आगगाडीत बसलीस की कल्याण. माझं माहेर तर या समोरच्या पाण्यापलीकडे. हाक मारली तर ऐकू जाईल." त्यांच्या लग्नात मानपानावरून रुसवाफुगवी झाली होती. कोणाच्या बोलण्यात काय आलं ते आता सांगणारंही कोणी उरलं नव्हतं, पण दोन्ही घरच्या पुरुषांनी येणं-जाणं तोडलं ते तुटलंच. आईबाप गेले तेही त्यांना होडीवाल्याकडून कळलं. पलीकडे भाऊ होता, भावजय होती. वाडीच्या काठावर उभं राहिलं की समोरच्या झाडीतून भावाच्या घराचा धूर दिसे. "चूल पेटली की समजायचं, वहिनी बरी आहे," सासूबाई म्हणाल्या. बेल हे निमित्त होतं. दर सोमवारी त्या धूर बघायला जात. टेकाडावरून, मधल्या माडांमुळे, पाणीसुद्धा धड दिसत नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. पण सुनेने कुणाशी काय बोलावं? ओव्हरसियर पुढच्या वेळी ओटीवर येऊन बसले तेव्हा मी दाराआड मुलाला मांडीवर घेतलं आणि त्याला सांगू लागले. "बघ हो बाळा, तुझ्या आजीला काठावरून माहेरचा धूर दिसायचा. आता आजी धूर कुठून बघणार रे राजा? माणसं नुसती जमीन बघतात." मुलगा मोठ्याने रडला, त्यामुळे मला आणखी मोठ्याने सांगावं लागलं. जरा वेळाने मी डोकावले तर ओव्हरसियर सागरगोटा उचलून, पाणी न घेताच निघून गेले होते.

नंतरचे काही दिवस ते टेकाडावरच होते. धर्माकडून त्यांनी बांबूंची परांची बांधून घेतली आणि आपली मोजणीची जुनी दुर्बीण तिपाईसकट वर चढवली. पाठोपाठ स्वतः चढले. खालून धर्मा ओरडत होता, "सायेब, पराल! पराल सायेब!" वरून उत्तर येई, "पडलो तर टेकाडावर पडेन. घट्ट जमीन आहे." परांची एकदा उंच केली, मग डावीकडे सरकवली, मग आणखी उंच केली. शेवटी एका सकाळी आम्हाला सगळ्यांना बोलावणं आलं.

"वहिनींना म्हणावं," ते परांचीवरूनच मामंजींना म्हणाले, "या उंचीवर माडीची खिडकी येईल. एकदा बघून घ्यायला सांगा."

मामंजी हसले. त्यांना वाटलं ही थट्टा. पण सासूबाईंनी कासोटा आवळला, पदर खोचला आणि त्या परांचीवर चढल्या. खेड्यातली मुलगी होती ती, चिंचेवर चढत मोठी झालेली. शिरस्तेदारीणबाई नंतर झाली. मामंजींनी तोंड फिरवलं. धर्मा "आगं माय" एवढंच म्हणाला.

सासूबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि त्या किंचाळल्या, "अगं बाई! धूर खाली चाललाय!"

मोजणीच्या त्या दुर्बिणींत सगळं उलटं दिसे, खालचं वर नि वरचं खाली. हे सांगायचं ओव्हरसियर विसरले होते. ते गडबडीने समजावू लागले, भिंगं कशी असतात, किरण कसे वळतात. सासूबाईंचा डोळा काही हलेना. "छपरावर भोपळ्याचा वेल आहे," त्या म्हणाल्या. "खाली लोंबतंय छप्पर. ती कोण बाई? वहिनी? केवढी वाळली हो!" मग त्या वळल्या. मामंजी खाली होते, दार नव्हतं, झाड नव्हतं. समोर ओव्हरसियर होते, त्यांनाच त्या म्हणाल्या, "भाऊजी, उलटं का होईना, दिसतंय."

ओव्हरसियरांनी किरण अर्धवट सोडले आणि परांचीच्या बांबूवर खिडकीच्या उंचीची खूण केली.

घर टेकाडावर झालं, माडीसकट. खिडकी परांचीच्या मापाने ठेवली. खाडीकडच्या पडवीत ओव्हरसियरांनी पुन्हा एक हातभर पट्टा आखून दिला, कारण मुरूम झाला तरी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारे ते नव्हते. "बाकीची पडवी रोज सारवा. याला मी पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही," त्यांनी सासूबाईंना बजावलं. थेट बजावलं, मामंजींची सुटका झाली होती.

पुढच्या श्रावणात एका उधाणाला वारा आणि पाऊस एकदम आले. सकाळी जाऊन पाहतो तो काठ नव्हता. रेघ होती तिथपर्यंत सगळं गेलेलं, वाकलेल्या माडासकट, कुदळ मारली होती त्या जागेसकट. सासूबाई खाली तांबड्या पाण्याकडे बघत राहिल्या. तिथे त्यांचं स्वयंपाकघर येणार होतं. ओव्हरसियर छत्री घेऊन धावतपळत आले. मला वाटलं, आता पायऱ्यांची हकीकत आणि धर्माच्या बापाची हकीकत दोन्ही निघणार. पण ते काठाकडे बघून एवढंच म्हणाले, "पळाली." आणि मग टेकाडावरच्या घराकडे वळून पुष्कळ वेळ पाहत राहिले.

त्याच दिवशी, पाणी जरा निवळल्यावर, एक होडी लागली. तिच्यातून एक म्हातारा उतरला, चिंब भिजलेला, आणि धर्माला विचारू लागला, "काठ पडलेला तिकडून दिसला. आमची ताई बरी आहे ना?" सासूबाई घराच्या पायऱ्या उतरून धावल्या त्या मला अजून दिसतात. मानपानाचं कुणालाच आठवलं नाही. मामंजींनी स्वतः मेव्हण्यांच्या पायांवर पाणी घातलं. ओव्हरसियर पडवीत बसून हे सगळं बघत होते. "इकडची जमीन तिकडे सांगावा घेऊन गेली म्हणायची," ते मला म्हणाले. मी मुलाला म्हटलं, "आजोबांना सांग, हो." सगळे हसले.

त्यानंतर दर गुरुवारी ते येत. सागरगोटा ठेवीत, तो आमच्या पडवीत जागचा हलत नसे, आणि त्यामुळे ते जरासे हिरमुसत असं मला वाटे. मग पट्ट्याशी वाकत, "जाळी आहे, रेघ नाही," म्हणत, आणि मग सासूबाई पट्टा सारवायची परवानगी घेत. स्वतः ते शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिले. बायको लवकर गेलेली, मुलगी कल्याणला दिलेली. सासूबाई एकदा म्हणाल्या, "भाऊजी, लोकांच्या जागा बघता, स्वतःचं घर कधी?" तर म्हणाले, "मला पसंत पडेल अशी जागा ब्रह्मदेवाने अजून केली नाही, वहिनी. तोवर तुमची पडवी आहे." ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

एका थंडीत त्यांचा खोकला बळावला. मुलगी येऊन त्यांना कल्याणला घेऊन गेली. जाताना ते पडवीत आले नाहीत, गाडीची वेळ झाली होती. थोड्याच दिवसांत तिकडून कळलं, ते गेले. सासूबाई त्या दिवशी माडीवर जाऊन खिडकीत बसल्या, पण धुराकडे पाठ करून, स्टेशनच्या बाजूला तोंड करून.

सुतक आमचं नव्हतं. घरचं काम थांबत नाही. मी शेणाची पाटी घेऊन पडवी सारवायला बसले. सारवत सारवत पट्ट्यापाशी आले. तो जुना झाला होता, फिकट पडला होता, जाळीने भरला होता. आजूबाजूच्या ओल्या सारवणात फार वाईट दिसत होता. मी हात पुढे केला.

"त्याला नको लावू हात," मागून सासूबाई म्हणाल्या. भेगाळलेलं अंगण चारचौघांना दाखवायची ज्यांना लाज वाटे, त्याच. "त्यांनी अजून पाहिला नाही."

मी हात मागे घेतला आणि पट्टा सोडून पुढचं सारवलं.